सेल राखणाऱ्या सासूबाई आणि चिमूटभर वीज

परवाच्या टपालात कराडहून एका भगिनीचं पत्र आलं. चार पानं, पाठपोट. त्यातली तीन पानं सासूबाईंविषयी आणि एक पान विजेविषयी. दोन्हींचा संबंध आहे, म्हणून आजचं सगळं सदर या एकाच पत्रासाठी ठेवलंय. लोणच्यावर बुरशी का येते हे विचारणाऱ्या ताईंनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

पत्रातली हकीगत थोडक्यात अशी. सासूबाई ७६ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी मुलाने पैसे साठवून त्यांच्या दोन्ही कानांना यंत्रं घेतली. पहिले दोन महिने घरात आनंदीआनंद. सासूबाई कीर्तन ऐकू लागल्या, सोलापूरच्या लेकीशी फोनवर बोलू लागल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की यंत्रातला चण्याएवढा सेल आठ-दहा दिवसांत संपतो आणि नवा विकत आणावा लागतो. झालं! त्या दिवसापासून जेवणं आटोपली की यंत्रं डबीत. संध्याकाळी मुलगा घरी यायच्या वेळेला पुन्हा कानात. "दुपारी कोण बोलायचंय माझ्याशी? उगाच सेल कशाला जाळायचा?"

गेल्या महिन्यात सून बाजारात गेली असताना कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, पाणी आटलं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. सासूबाई दोन हातांवर मेथी निवडत बसल्या होत्या. इजा झाली नाही हे नशीब. मुलगा बोलला. जरा जास्तच बोलला. तेव्हापासून त्या यंत्र घालतच नाहीत. "मी बहिरीच बरी," म्हणतात.

पत्राच्या शेवटी प्रश्न आहे. "माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. तो म्हणतो, अंगाच्या उबेवर, चालण्याच्या हादऱ्यावर चालणारी सर्किटं निघालीत, त्यांना सेल लागत नाही. हे खरं का? आणि आईंच्या कानासाठी तसं यंत्र मिळणार असेल तर किती दिवस थांबू?"

ताई, पहिल्याचं उत्तर, हो, खरं आहे. दुसऱ्याचं, थांबू नका. आता का ते सांगते. त्यासाठी जरा स्वयंपाकघरात यावं लागेल.

ओट्यावरचा तुमचा खटक्याचा लायटर हातात घ्या. खट् केलं की ठिणगी. त्यात कधी सेल घातल्याचं आठवतं? नाही ना? आत सिरॅमिकचा एक बारीक तुकडा असतो. खटका दाबला की स्प्रिंगवरची छोटी हातोडी त्याच्यावर आपटते. या जातीच्या पदार्थांचा गुणच असा, की दाबले, ठोकले की त्यांच्यात वीज तयार होते. फ्रान्समधल्या जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली हा गुण दाखवून दिला. (पिएर म्हणजे मेरी क्यूरींचे यजमान. बाईंनी पुढे किरणोत्सर्ग मोजला तो याच गुणावर चालणारं, दोघा भावांनी बनवलेलं उपकरण वापरून. माहेर-सासरच्या वस्तूंचा उपयोग कसा करून घ्यावा, ते या बाईंकडून शिकावं.) म्हणजे लायटरमध्ये वीज येते ती आपल्या अंगठ्यातून. हजारो व्होल्टची, पण क्षणभराची आणि चिमूटभर.

उबेचंही तसंच. दोन निरनिराळे धातू टोकाला जोडले आणि एक टोक गरम, दुसरं गार ठेवलं, तर त्यांच्यात विजेचा दाब निर्माण होतो. थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये याचा शोध लावला. १९५० नंतरच्या दशकात रशियात रॉकेलच्या दिव्याच्या काचेवर अशी धातूची पाखं बसवून खेड्यापाड्यांत रेडिओ चालवत असत. दिवा उजेडही देई आणि बातम्याही.

असं हे इकडे-तिकडे वाया जाणारं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं गोळा करण्याला इंग्रजीत 'एनर्जी हार्वेस्टिंग' म्हणतात. हार्वेस्टिंग म्हणजे सुगी. मला विचाराल तर हा शब्द फार मोठा झाला. ही सुगी नव्हे, सरवा आहे. कापणी झाल्यावर शेतात पडून राहिलेली कणसं वेचायची, तसली. आमची आजी सरवा वेचायला जायची. ती सांगायची, सरवा वेचायला जाताना भाकरी बरोबर न्यायची नाही, नाहीतर जेवढं वेचलं तेवढं खाऊनच यायचं.

या संशोधनातली खरी मेख आजीच्या त्या बोलण्यात आहे. वीज मिळवणं अवघड नाही. मिळवलेली वीज घरी आणेपर्यंत वाटेत न खाणं, हे अवघड.

आपल्याला हे कळायला वेळ लागू नये. जुन्या घरातला पंख्याचा तो डबाभर रेग्युलेटर आठवतो? हात लावला तर ऊन लागायचा. पंखा एकवर ठेवला की बिल वाचलं अशी आपली समजूत. वाचायचं, पण वाटायचं तितकं नाही. कारण पंख्याला न दिलेली वीज बरीचशी त्या डब्यातच तापून जायची. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ती गळती पुष्कळ कमी आहे. घरातल्या विजेत एवढी गळती खपून जाते. पण कमाईच चिमूटभर असली, तर पन्नास रुपयांची उधारी वसूल करायला ऐंशी रुपयांची रिक्षा करून कसं चालेल?

म्हणून इथे कामाला येतात ते ॲनालॉग सर्किट बांधणारे लोक. हा शब्दही ऐकून घाबरू नका. दिव्याचं बटण एकतर चालू नाहीतर बंद, मधलं काही नाही. तो झाला डिजिटल कारभार. पाककृतीत आपण 'मीठ चवीपुरतं' लिहितो, तो ॲनालॉग. ऊब, हादरा, आवाज हे सगळं चवीपुरतं असतं, कधी कमी, कधी जास्त. ते जसं येईल तसं घेऊन, मोजूनमापून, यंत्राला झेपेल अशा रूपात पुढे देणं हे त्यांचं काम. आणि हे करताना स्वतःला जवळजवळ काहीच लागू द्यायचं नाही.

या कामात ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं त्यांपैकी एक अनंत चंद्रकासन. जन्म चेन्नईचा. त्यांची आई जीवरसायनशास्त्राच्या संशोधक, आणि लहानपणी हा मुलगा आईच्या प्रयोगशाळेत रमायचा. शाळकरी वयातच ते अमेरिकेत गेले, बर्कलीला शिकले आणि १९९४ पासून एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत शिकवू लागले. कमीत कमी विजेवर चालणारी सर्किटं हाच त्यांचा विषय. त्यांचे एक विद्यार्थी योगेश रामदास. या दोघांची दोन कामं सांगते, म्हणजे 'वाटेत न खाणं' म्हणजे काय ते कळेल.

पहिलं उबेचं. अंगाला बांधलेल्या चकतीच्या दोन बाजूंत फरक मिळतो तो एखाद-दोन अंशांचा. त्यातून जो विजेचा दाब निघतो तो काही मिलिव्होल्टचा. भिंतीवरच्या घड्याळातला सेल १५०० मिलिव्होल्टचा असतो. सर्किटातल्या ट्रान्झिस्टरला जाग यायलाच काही शे मिलिव्होल्ट लागतात. मग करायचं काय? हापशाला आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, तेव्हा कुठे तो पाणी ओढू लागतो. तसा सुरुवातीचा तांब्या कुठून आणायचा? यांनी २०१० मध्ये मांडलेल्या सर्किटात एक बारीकशी कळ ठेवली. माणूस हलला-चालला की ती आपोआप उघडझाप करते, आणि तेवढ्या धक्क्याने सर्किट जागं होतं. त्यानंतर ते आपलं आपण चालतं. ३५ मिलिव्होल्टवर! म्हणजे आपल्या घड्याळाच्या सेलच्या चाळिसाव्या हिश्शाहूनही कमी दाबावर.

दुसरं हादऱ्याचं. लायटरसारखा खडा घेतला आणि तो सारखा हलत राहिला, तर वीज एकदा इकडून, एकदा तिकडून येते. गंमत अशी, की खड्याच्या अंगातच थोडी वीज साठून राहते. दिशा उलटली की आधी ती रिकामी करायची आणि मग उलट बाजूने भरायची. नवी कमाई त्यातच जिरते, हाती उरतं थोडं. यांनी त्या वाटेवर तारेचं एक वेटोळं बसवलं. झोपाळा एका टोकाला गेला की आपण त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून ढकलतो का? तो आपल्याच वेगाने पलीकडे जातो. तशी खड्यातली वीज त्या वेटोळ्यातून झोका घेऊन पलीकडे जाते, वाया जात नाही. एवढ्या एका युक्तीने हाती येणारी वीज नेहमीच्या सर्किटाच्या ४.२ पटीपर्यंत गेली. खडा तोच, हादरा तोच. कमाई वाढली ती फक्त गळती थांबवून.

आता ताई, तुमच्या कानाकडे येते. तुमचा मुलगा हे ऐकून चकितच होईल.

आपल्या प्रत्येकाच्या कानात, अगदी आत, गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्याच्या आतल्या पोकळ्यांमध्ये निरनिराळे क्षार असलेले द्रव असतात, आणि त्यांच्यामधल्या पडद्यापलीकडे ७० ते १०० मिलिव्होल्टचा विजेचा दाब शरीर रात्रंदिवस टिकवून धरतं. देवाने दिलेला सेलच म्हणा. आवाजाने तिथल्या बारीक केसांच्या पेशी हलल्या की याच सेलच्या जोरावर मेंदूकडे खबर जाते. म्हणजे आपण ऐकतो तेच मुळी विजेवर.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या रुग्णालयात तेव्हा असलेल्या कानाच्या शल्यविशारद डॉ. कॉन्स्टान्टिना स्टँकोविच, आणि एमआयटीत चंद्रकासन यांच्याबरोबर काम करणारे पॅट्रिक मर्सिए, सौरव बंद्योपाध्याय वगैरे मंडळी, यांनी मिळून विचार केला, की या सेलमधून थोडी वीज घेता येईल का? २०१२ मध्ये त्यांनी ते गिनीपिगच्या कानात करून दाखवलं. अतिशय बारीक तारा आतपर्यंत नेल्या आणि त्यांना नखाहून लहान सर्किट जोडलं. सुरुवातीचा तांब्या इथेही लागलाच. तो बाहेरून रेडिओलहरींचा एकदाच धक्का देऊन ओतला. मग पाच तासांपर्यंत त्या सर्किटाने कानातली वीज घेतली, थेंब थेंब साठवली आणि ४० ते ३६० सेकंदांतून एकदा बाहेर बिनतारी खबर पाठवली, की कानातला दाब इतका आहे. प्राण्याचं ऐकणंही बिघडलं नाही.

केवढी वीज घेतली म्हणाल? एका नॅनोवॉटहून जराशी जास्त. वॉटचा अब्जावा भाग. याहून पुष्कळ जास्त ओढली तर ऐकण्यासाठीची वीजच कमी पडायची. म्हणजे मालकिणीच्या ताटातलं न काढता, ताटाबाहेर सांडलेलं शीत तेवढं उचलायचं. एवढ्याशा शितावर पोट भरणारं सर्किट बांधणं, हीच त्या लोकांची खरी करामत. आधी जमाखर्चाची वही मांडली असणार त्यांनी, आपल्यासारखीच.

आणि आता आपली वही मांडू. तुमच्या सासूबाईंच्या कानातल्या यंत्राला आवाज मोठा करायला साधारण एक मिलिवॉट वीज लागते. एक मिलिवॉट म्हणजे दहा लाख नॅनोवॉट. म्हणजे एक यंत्र चालवायला दहा लाख कानांची वीज गोळा करावी लागेल. साधं मनगटी घड्याळ घेतलं तरी त्याला हजार कान. म्हणून मी म्हटलं, थांबू नका. त्या संशोधकांनीही कानाचं यंत्र त्यावर चालवू असं म्हटलेलं नाही. कानातली स्थिती तपासत राहणारे किंवा औषध सोडणारे छोटे उपाय त्यावर चालतील, एवढीच त्यांची आशा. तेही थोडं नव्हे.

रात्री चार्जिंगला लावायची कानयंत्रं मात्र आता मिळतात. पुढचं यंत्र घ्यायची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञांना त्याविषयी जरूर विचारा. बोटं थरथरणाऱ्या, नजर कमी झालेल्या माणसाला इवला सेल बदलण्यापेक्षा ते सोपं जातं. पण आज आहेत त्या यंत्रांचं काय?

तर त्या चण्याएवढ्या सेलविषयी थोडं. तो जस्त आणि हवा यांवर चालतो. त्याच्या पाठीवर बारीक भोकं असतात आणि त्यांवर रंगीत स्टिकर. स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. यंत्र बंद ठेवलं तर यंत्र वीज खात नाही, हे सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. पण एकदा स्टिकर निघाला की सेलचं आतल्या आत वाळणं, सर्दावणं थांबत नाही. काही आठवड्यांत तो वापरला नाही तरी जातो. त्यामुळे निम्मा वेळ बंद ठेवला की दुप्पट दिवस पुरेल, हा हिशेब बसत नाही. स्टिकर परत चिकटवूनही फारसा उपयोग नाही.

खरी बचत दुसरीकडे आहे. लागेपर्यंत स्टिकर काढू नये. काढल्यावर सेल एक-दोन मिनिटं उघडा ठेवावा, हवा आत गेली की मग बसवावा. ही घाई केली तर नवा सेलही दुबळा वाटतो. हात कोरडे हवेत. सेल फ्रिजमध्ये ठेवू नयेत, दव धरतं. रात्री यंत्र काढलं की सेलचं झाकण उघडं ठेवावं, म्हणजे वीजही खर्च होत नाही आणि घामाचा ओलावाही उडतो. पाकिटावरची तारीख पाहून घ्यावी. आकाराचा गोंधळ होत असेल तर रंग लक्षात ठेवा: १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला केशरी, ६७५ ला निळा.

आणि घरात रांगतं मूल असेल तर वापरलेला सेल चुकूनही टिपॉयवर ठेवू नका. गोळी समजून पोरं तोंडात घालतात. नाण्याएवढ्या लिथियमच्या चपट्या सेलांचं तर फारच भय. घशात अडकला तर दोन तासांत आतून भाजून काढतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, 'पडेल शौचातून' म्हणून वाट पाहायची नाही. एक्स-रे निघेल अशा मोठ्या दवाखान्यात तडक जायचं. नाकात किंवा कानात घातला असेल तर वरून थेंब सोडायचे नाहीत.

राहता राहिल्या सासूबाई. ताई, त्यांना सेलचा हिशेब समजावून सांगालच. पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार लागली. "दुपारी कोण बोलायचंय माझ्याशी?" हा प्रश्न सेलचा नाही हो.

माझ्या सासूबाईंनाही असंच यंत्र होतं. त्याही राखून राखून वापरायच्या. आम्हीही मग हळूहळू खुणेनेच काम भागवू लागलो. ओरडून बोलण्यापेक्षा बरं, म्हणून. त्या गेल्यावर कपाट आवरताना पितळी डबीत सेलांची सात पाकिटं निघाली. न उघडलेली, तारखा उलटून गेलेली. वर रुमालाची घडी ठेवलेली होती, आणि रुमालाखाली चिठ्ठीत आणल्याच्या तारखा आणि किमती, त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात.

तुमच्या चिरंजिवांना सांगा, सुट्टीत येईल तेव्हा दुपारी आजीजवळ बसून हा लायटरचा आणि झोपाळ्याचा प्रकार तिला समजावून दे. यंत्र कानात असल्याशिवाय तिला तो कळायचा नाही. आणि पहिल्या सेलचा स्टिकर कोणत्या तारखेला काढला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. किती दिवस पुरला ते मला कळवा.